पाना ताईच्याच हातात होता

ताई गेल्याचं तिच्या शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते सोलापूर रस्त्यावरचं चाक. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. दिवसकार्याला जमलेले म्हणाले, त्या चाकानं मारलं. त्याच आठवड्यात तिनं चाक बदललं होतं आणि मी तिथे होतो. धाकट्या काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, तू काय करत होतास? मी पंगतीला पाणी वाढायला उठलो. मला तेवढंच जमतं... आज मात्र सांगतो.

भावजी गेल्यावर, साठी उलटल्यावर ताई गाडी शिकली. खंडेनवमीला ती जॅक आणि पाना पाटावर मांडून पुजायची. पुजलेलं हत्यार वापरून बघायचं, हा तिचाच नियम. म्हणून पूजा झाली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये धडधाकट चाक उतरवून परत बसवायची. पंक्चर झालं का, असं कोणी विचारलं की म्हणायची, "अजून नाही. झालं की बोलावते." मागच्या वर्षी डॉक्टरांनी जड कामं बंद केली. तिनं पाण्याच्या बादल्या सोडल्या, पाना नाही.

त्या दुपारी लोणी काळभोर मागे पडलं आणि पुढचं डावं टायर फुटलं. गाडी ओढली जाऊ लागली. मी ओरडलो, ब्रेक दाब. तिनं दाबला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरलं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, वेग आपोआप उतरू दिला आणि मग गाडी पार कडेला, सपाट जागेवर घेतली. चारही इंडिकेटर लावले, हँडब्रेक ओढला, मागे लांबवर लाल त्रिकोण, मागच्या चाकांना दगड. गाडी उचलण्याआधी नट सैल करायचे, हे ती मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगत होती. एक मोटरसायकलवाला थांबून म्हणाला, "काका, तुमी हुभं आन् बाई खाली बसल्यात व्हय?" ताईनं मानही वर केली नाही. "त्याला येत नाही," म्हणाली.

मला येत होतं. शेवटचा नट हलेना, तेव्हा ती पान्यावर पाय देऊन उभी राहिली. धाप लागली. बॉनेटला टेकली, ओठ पांढरे पडले. मी पान्याकडे हात नेला.

"हात लावलास तर पुढच्या वेळी मी एकटीच येईन," ती म्हणाली. "तू मागून येणाऱ्या गाड्यांकडे बघ."

मी हात मागे घेतला. हेच मी कोणाला सांगितलं नव्हतं. थोडा वेळ बसून तिनं तो नट काढला, स्टेपनी चढवली, समोरासमोरचे नट आवळले आणि घरापर्यंत गाडी स्वतः चालवली.

ती धाप मला अजून ऐकू येते. थांबवलं असतं तर ती आज असती का, मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण जी उरली असती, तिला पाना पाटावर मांडायचंही धाडस झालं नसतं. तेव्हा काका, उत्तर घ्या : मी गाड्यांकडे बघत होतो. पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा बघेन.

गाडी आता मी चालवतो. सीट अजून पुढेच आहे, तिच्या पायांना पुरेल इतकी. माझे गुडघे घासतात. सीट मागे सरकते, मला ठाऊक आहे... घासू देत.