मेथीचे पैसे आईचे

आमच्या घरात एक नियम होता. सोयाबीन आणि तूर बाबांची, पालेभाजी आईची. विहिरीजवळच्या चार-पाच गुंठ्यांत आई मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची, स्वतः उपटायची, जुड्या बांधायची आणि रिसोडच्या बाजारात बसून विकायची. पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत जायचे. त्या पिशवीला बाबा कधी हात लावत नसत. माझ्या वह्या, बांगड्या, मावशीला द्यायची चोळी, सगळं त्यातून व्हायचं आणि कुणाला विचारावं लागायचं नाही.

हा नियम मी मोडला. मी, घरातली सगळ्यात शिकलेली पोरगी.

गिऱ्हाईक फोन काढून उभं राहायचं आणि आईकडे स्कॅनर नाही म्हणून शेजारच्या बाईकडे वळायचं. मला ते बघवेना. आईचं बँकेत खातं होतं, पण त्याला तिचा मोबाइल नंबर जोडलेला नव्हता, आणि तिचा फोनही साधा, बटणांचा. बाबांचं सगळं तयार होतं. म्हटलं, सध्या त्यांच्या खात्याचा कोड लावू, पुढं बदलू. एका दुपारी पाटी लावली आणि वर आईलाच अक्कल शिकवून मी वाशिमला नोकरीवर निघून गेले. ते ‘पुढं’ दीड वर्ष आलंच नाही, आणि मेथीचे पैसे बाबांच्या खात्यात जात राहिले.

मावसबहिणीच्या लग्नाला म्हणून गावी आले तेव्हा बाबा जेवत होते. आई दाराशी उभी होती.

"अवो, मले तीनशे रुपये पायजेत."

"कायले?"

"आहेराले. साडी घेतो."

"दीडशात बी येते साडी," बाबा म्हणाले आणि भाकरी मोडली.

आई मान हलवून चुलीकडे वळली. माझंच डोकं फिरलं. पहाटे चिखलात वाकून तिनं मेथी उपटायची, दिवसभर उन्हात बसायचं, आणि तिच्या बहिणीच्या पोरीला कितीची साडी घ्यायची ते हे ठरवणार? मी तोंडाला येईल ते बोलले. बाबांना खरंच कळेना मी का भडकले.

"घरातच तं हायेत पैसे. मी का उडवून राह्यलो?"

उडवले नव्हतेच. फवारणीचा पंप घेतला होता, गाडीचे टायर बदलले होते. फक्त आईला विचारलं नव्हतं. त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला आणखीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बँकेत गेले. तिचा नंबर जोडायला अंगठा लागतो म्हणे. तिनं यंत्रावर अंगठा ठेवला. लागला नाही. पुसून ठेवला, पाणी लावून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला.

"मावशी, नीट ठेवा ना," खिडकीतला माणूस म्हणाला.

"घासून गेला असंल, बापू," आई त्याची समजूत काढल्यासारखं म्हणाली.

जुड्या बांधून बांधून तिच्या बोटांवर रेघ उरली नव्हती, आणि हा तिला नीट ठेवायला सांगत होता. आधी आधार दुरुस्त करून आणा, मग या, असं उत्तर मिळालं. मी भांडले. आई माझी ओढणी ओढत राहिली.

पुढच्या बाजाराला आईनं पाटी घरीच ठेवली. मी शेजारी बसले होते. "स्कॅनर हाय का?" असं विचारून माणसं पुढं जायची. आई म्हणायची, "नोटा असतील तं घ्या." संध्याकाळी निम्म्या जुड्या सुकून पोत्यावर पडल्या होत्या. मी म्हटलं, आई, किती नुकसान झालं बघ.

"अर्दी वापस चालली," ती पोतं बांधत म्हणाली. "पन जे इकली, तिचा पैसा माहा हाय."

सगळी मेथी एकटीनं पिकवणाऱ्या बाईला अर्धी विकून बरं वाटावं, ही वेळ तिच्यावर मी आणली होती. पोतं उचलून मी तिच्यामागं बसस्टँडकडे चालू लागले.