मालकाच्या परवानग्या

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीच्या कडीला हात लावला आणि उघडण्याआधी माझ्याकडे पाहिलं.

मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो होतो. ऑपरेटिंग सिस्टमच्या अगदी गाभ्यात गुप्त किल्ल्या, म्हणजे पासवर्डसारखी गुपितं, सांभाळणारा कोड असतो. त्यातल्या परवानग्या नव्याने लावायचं काम सध्या माझ्याकडे आहे. पूर्वी ‘बदल’ अशी एकच ढोबळ परवानगी होती. मी तिचे तुकडे करतोय: मुदत ठरवणं वेगळं, रद्द करणं वेगळं, पुसून टाकणं वेगळं. तुकडे केले की त्यातला एखादा सहज काढून घेता येतो. ज्याचा गेला, त्याला ते नकार मिळाल्यावरच कळतं.

या कोडची एक रीत आहे. किल्लीवर नाव मालकाचं असतं, पण जास्त हक्क ती ज्याच्या ताब्यात आहे त्याला असतात. मालकाला नुसतं बघू दिलं तरी चालतं.

हे घर नानांनी बांधलं. कागदावर अजून नाव त्यांचंच आहे. आई गेल्यावर मी इथे राहायला आलो आणि टीव्हीचा आवाज, जेवणाची वेळ, कुणाला घरी बोलवायचं, हे एकेक करत माझ्याकडे आलं. भांडण एकदाही झालं नाही.

“उघडू का रे? जरा वारा येईल,” नानांनी विचारलं.

“नको नाना, एसी चालू आहे.”

“बरं,” म्हणून ते खुर्चीत जाऊन बसले.

एसी बंद होता. माझा नकार चालतो का, एवढंच मला तपासून बघायचं होतं.