अंगठ्यावरून उदक

"अंगठ्यावरून उदक सोडा," गुरुजी म्हणाले आणि दादाने ओंजळ तिरकी केली. आज आमच्या वडिलांचा, आप्पांचा दहावा. नदी आटलेली, म्हणून घाटावर बादलीत नळाचंच पाणी. मी मागे उभी राहून नुसती धार बघत होते. रडू येत नव्हतं.

मनात आली ती मी वर्गात शिकवते ती हित्ती भाषा. तुर्कस्तानात मातीच्या पाट्यांवर कोरलेली, केव्हाच संपून गेलेली. तिच्यात पाण्याला 'वातर' म्हणत. इंग्रजांचं वॉटर आणि आपलं उदक त्याच गोतातलं. बोलणारी माणसं गेली, शब्द नातेवाइकांकडे राहिला. पण घरात उदक कुणी मागत नाही. तहान लागली की आपण पाणीच म्हणतो. उदक गेलेल्यांसाठी.

हॉस्पिटलमध्ये आप्पा सारखे म्हणायचे, "पाणी दे गं." डॉक्टरांनी मनाई केली होती. मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ तेवढे टिपायचे. त्यालाही नर्स लगेच "पुरे" म्हणायची.

"अजून एकदा," गुरुजी म्हणाले. दादाने पुन्हा ओंजळ भरून घेतली. पाणी अंगठ्यावरून वाहत राहिलं. आता कुणीच "पुरे" म्हणत नव्हतं.