व्याह्यांची खिडकी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून जी काही चांगली वस्तू म्हणून असेल, तिच्यातली उणीव शोधून काढायचे काम देवाने आमच्या व्याह्यांकडे सोपवले होते, आणि ते त्यांनी एक दिवसही खाडा न करता केले. हा माणूस तुसडा असता तर माझी तक्रार नव्हती. मी स्वतः तुसडा आहे आणि तुसड्याशी कसे भांडायचे ते मला चांगले कळते. पण व्याही हसतमुखाने उणीव काढीत. आधी 'लई झ्याक' म्हणत, मग डोळे बारीक करून जरा थांबत, आणि मग 'पर' म्हणत. त्या 'पर'च्या पुढे जे काही येई, त्याने माझे निम्मे केस पिकवले. त्यांच्या मुलाला मी माझी मुलगी दिली, तेव्हा लग्नात एवढा मोठा मांडव घातला की गावातली गुरेही सावलीला येऊन बसली. व्याह्यांनी मांडवाखाली सगळीकडे फिरून पाहिले आणि म्हणाले, "मांडव लई झ्याक, पावणं. पर उन्हाची बाजू उघडी ऱ्हायली." मी पाहिले तर त्याच बाजूला वरमाय घाम पुसत बसलेली.

मी मुलीचा बाप. मंचरच्या बाजारात माझा आवाज चढला की शेजारचा दुकानदार आपला भाव आपणहून उतरवीत असे. पण व्याह्यांपुढे मला मान खाली घालून 'व्हय, व्हय' म्हणावे लागे. पुढे तर नशिबाने अशी गंमत केली की हेच व्याही माझ्याकडे घोंगड्या विणायला येऊ लागले. म्हणजे मालक मी, आणि सकाळी ते आल्यावर नमस्कारही आधी मीच करायचा. असा कारखाना दुसऱ्या कोणी चालवला असेल तर त्याने मला येऊन भेटावे.

कारखान्याचे सांगतो. आमचा मूळ धंदा मेंढरांचा. माझ्या बापाने शेवटपर्यंत मेंढरेच राखली. मी अवसरी बुद्रुकहून घोंगड्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकून निघालो आणि मढच्या बाजूला घाट उतरणाऱ्या गाडीवानांना थंडीची भीती घालून घोंगड्या विकता विकता जुन्नरात दुकान थाटले. इथे कुकडीच्या काठी कागद करणाऱ्या मोमीन मंडळींचे कारखाने मी रोज पाहत असे. हौद, चुलाणे, वाळवण, सगळे जवळजवळ. मला वाटले, आपले विणकर आपापल्या घरी, अंधाऱ्या कोपऱ्यात, पोरांच्या रडारडीत विणतात. त्यांना एका आवारात का आणू नये? मग होते नव्हते ते सगळे ओतून मी नदीकाठी आवार बांधले. एका बाजूला लोकर पिंजायची जागा, मधे चिंचोक्याची खळ शिजवायचे चुलाण, आणि पाय खड्ड्यात सोडून विणायच्या मागांसाठी लांबच लांब छप्पर. नदीकडची भिंत दगडी, सलग, पावसाचा एक थेंब आत येणार नाही अशी.

मग मी विणकरांना बोलावले आणि जागा कशी वाटते ते विचारले. एकाचे घर दर पावसाळ्यात गळे, तो वर पाहून म्हणाला, "ह्यो तर राजवाडा हाय." दुसऱ्याची बायको वारलेली, घरात चिटपाखरू नाही, तो म्हणाला, "मानसात बसाया मिळंल, अजून काय पायजे?" तिसऱ्याच्या दारात स्वतःची विहीर होती. त्याने घोटभर पाणी तोंडात घेतले, चूळ भरून टाकली आणि माझ्या रांजणाकडे असे पाहिले की मला तो त्याच्या डोक्यावर फोडावासा वाटला. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. जागा कशी आहे असे माणसाला विचारले, की आपल्या घरी काय आहे तेवढेच तो सांगतो. छपराचे खरेखोटे त्याच्या तोंडून कळत नाही. पण विणण्यात व्याही त्यांच्यात सगळ्यांत जाणते, त्यामुळे एका बाबतीत सगळ्यांचे एकमत होते: "तुमचं व्याही आत बसलं, की आमी बसतो."

व्याह्यांनी छप्पर पाहिले, भिंतीवर थाप मारली, जमीन पायाने चाचपली. "लई झ्याक, पावणं," म्हणाले आणि थांबले. "पर नदीच्या अंगाला खिडकी ऱ्हायली."

"खिडकी कशाला, व्याहीबुवा? वाऱ्यानं ताणा वाळून तुटतो, पाऊस आत येतो."

"मेंढरं दिसली पायजेत."

नदीपलीकडच्या उतारावर व्याह्यांची मेंढरे चरत आणि त्यांचा धाकटा भाऊ ती राखी. भाऊ चांगला होता, मेंढरे शहाणी होती, कुत्रे तर माझ्यापेक्षाही तापट होते. पण व्याह्यांना ती दिसायला हवीत. मी खिडकी द्यायला तयार नव्हतो. खिडकीतून बाहेर पाहणारा माणूस विणत नाही, हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही.

मग आमचा सौदा सुरू झाला. मी आयुष्यभर सौदेच केले आहेत, पण असे गिऱ्हाईक मला कधी भेटले नव्हते. मी त्यांना दाराजवळची जागा देऊ केली. खळ शिजवण्याच्या पाळीतून सूट देऊ केली. तंबाखू देऊ केला, सणाला पागोटे देऊ केले. प्रत्येक वेळी ते आनंदाने ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "खिडकी." अखेर मी दात ओठ खाऊन अर्ध्या खिडकीवर आलो.

"अर्ध्या खिडकीतनं मेंढरू अर्धंच दिसंल, पावणं. म्होरलं अर्धं का मागलं, त्ये तुमी ठरवा."

त्यांना काही नकोच होते, ही खरी अडचण. बसायला घरची घडी केलेली घोंगडी, पाणी घरच्या भोपळ्याच्या तुंब्यात, भाकरी घरची, आणि भाकरीबरोबर पानाच्या पुडीत चिमूटभर मीठही घरचे. माझे मीठसुद्धा त्यांनी कधी जिभेला लावले नाही. ज्याला माझ्याकडचे मीठही नको, त्याच्याशी मी घासाघीस करू तरी कशाची?

त्यांनी आवाराबाहेर बाभळीखाली स्वतःच खड्डा खणला आणि तिथे माग मांडला. पाहता पाहता बाकीचेही बाभळीभोवती जमले. आत माझे लांबच लांब छप्पर रिकामे, आणि बाहेर सगळा कारखाना उन्हात. रस्त्याने जाणारे डिंगोऱ्याचे गाडीवान मला विचारीत, "राव, ह्ये छप्पर कुनासाठी बांदलंय?" मधेच व्याही उठून नदीकडे तोंड करून 'हुर्रर्र' अशी हाळी देत आणि पलीकडून एखादी मेंढी ओरडली की म्हणत, "काळी बोलली." सगळ्या मेंढ्यांना त्यांनी नावे दिली होती. मी एकदा चिडून म्हणालो की मेंढी भुकेने ओरडली असेल. ते म्हणाले, "तुमी बी भूक लागल्यावरच वरडता. आमी काय तुमास्नी वळखत न्हाई?"

माझी मुलगी माहेरपणाला आली तेव्हा मी तिच्यापुढे सगळे गाऱ्हाणे ओतले. ती म्हणाली, "आबा, मामंजींसंगं तंडू नगा. तुमच्या छपराला नावं ठेवत्यात, पर घरी तुमच्या छपराबिगर दुसरं बोलनं न्हाई." मला ते खोटे वाटले. सासरच्या माणसांची बाजू घ्यायला मुली फार लवकर शिकतात.

पावसाळा आला, बाभळीखालचा खड्डा पाण्याने भरला, आणि विणकर आपापल्या घरी गेले. मी रिकाम्या छपराखाली एकटा बसून गळती कुठे आहे का ते शोधीत राही. कुठे नव्हती. त्याच पावसाळ्यात नदीपलीकडे मेंढरांत देवीची साथ आली. कळप डोळ्यांदेखत संपला. उरलीसुरली मेंढरे व्याह्यांच्या भावाने लांब आपल्या सासरवाडीला नेली.

नवरात्र झाल्यावर व्याही आले. मी बाभळीकडे पाहिले, पण ते तिकडे वळलेच नाहीत. सरळ छपराखाली गेले आणि दगडी भिंतीला तोंड करून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. त्यांच्यामागून एकेक करून सगळे विणकर आत आले. दुपारपर्यंत माझे छप्पर भरून गेले आणि धोट्यांचा आवाज सुरू झाला. एवढ्या दिवसांत मी जे मागत होतो ते सगळे मला एका सकाळी फुकट मिळाले होते.

"व्याहीबुवा, जागा कशी हाय?" मी विचारले.

"लई झ्याक, पावणं."

मी थांबलो. ते विणत राहिले. मी चुलाणापर्यंत जाऊन परत आलो. पुढे काहीच आले नाही. दुपारी त्यांनी भाकरीचे फडके सोडले, इकडेतिकडे चाचपले आणि म्हणाले, "पावणं, चिमूटभर मीठ आसंल का तुमच्याकडं?"

मीठ दिले. पण त्या दिवशी मी गिऱ्हाइकावर, पिंजाऱ्यावर आणि घरी गेल्यावर बायकोवरही ओरडलो, आणि का ओरडलो ते कोणालाच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि नदीच्या अंगाची भिंत फोडून पुरी खिडकी करायला सांगितली. चौकट मुद्दाम वाकडी बसवायला लावली. गवंडी बिचारा म्हणाला, "शेठ, लोक मला हसतील." मी म्हटले, हसू देत. एवढी वाकडी खिडकी पाहून त्या माणसाच्या तोंडून 'पर' निघाल्याशिवाय राहणार नाही, याची मला खात्री होती.

व्याह्यांनी खिडकीतून पलीकडचा उतार बराच वेळ पाहिला. उतारावर नुसते गवत होते. मग ते मागाकडे वळले.

"वाकडी झालीया जरा," मीच म्हणालो.

"न्हाई, पावणं. सरळ हाय."

व्याही जाऊन आता बरीच वर्षे झाली. खिडकी अजून तशीच आहे. मधूनच कोणी नवा विणकर येतो, चौकटीकडे पाहून तोंड वाकडे करतो आणि म्हणतो, शेठ, बाकी जागा चांगली हाय, पर ह्ये काय? मी त्याच्यावर रीतीप्रमाणे खेकसतो. मग घरी कोण कोण आहे, दारात काय बांधले आहे, ते त्याला विचारत बसतो.