नोंदीत माझंच नाव

बाळकुमच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सर्व्हर सांभाळायचे. मी रुजू झाले तेव्हा लिनक्सवर सगळे एकाच रूट पासवर्डने शिरायचे, जणू प्रत्येक जण मालक. तो पासवर्ड प्रिंटरवर चिकटवलेला होता. हट्टाने मीच ते बंद केलं. प्रत्येकाला आपलं साधं खातं. मोठं काम असेल तर कमांडच्या आधी 'सुडो' लिहायचं, आपला पासवर्ड द्यायचा आणि तेवढ्यापुरतं मालक व्हायचं. कोणी काय केलं ते लॉगमध्ये नावासकट उतरायचं. आमच्या मॅनेजर सरांनाही मी तो अधिकार दिला होता. पण ते आपला पासवर्ड कायम विसरायचे. "अगं, तुझ्यावरूनच कर ना," म्हणायचे.

खंडेनवमीला ऑफिसात मशिनांची पूजा असायची. स्क्रीन काळी असताना कुंकू लावायचं नाही, हा सरांचा नियम. त्या दिवशी मी नुकतीच सुडोने एक दुरुस्ती केली होती, तेवढ्यात आरतीची हाक आली. एकदा पासवर्ड दिला की सुडो काही मिनिटं पुन्हा विचारत नाही. हे सगळ्यांना मीच शिकवलं होतं. तरी स्क्रीन लॉक न करता उठले. सणाचा दिवस, सगळी आपलीच माणसं. मूर्ख मी, दुसरं काय!

डिस्क भरली म्हणून सर घाईत होते. ते माझ्या खुर्चीत बसले आणि जुन्या फाइली समजून पेशंटांचे रिपोर्ट उडवून मोकळे झाले. बॅकअपनंतरचे रिपोर्ट गेले ते गेलेच. रिसेप्शनवरच्या ताई तेव्हा आरतीचं ताट फिरवत होत्या. संध्याकाळी त्याच हळूच म्हणाल्या, "सर होते गं तुझ्या टेबलावर. मी तिथेच त्यांना आरती दिलेली."

दसऱ्यानंतर लॅबच्या डॉक्टरांनी लॉग काढायला लावला, तोही मलाच. माझं नाव, वेळ, कमांड, सगळं चोख.

"सर, तुम्ही बसलेलात ना माझ्या खुर्चीत?" मी विचारलं.

"मी? मी तर आरतीत होतो."

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली नाही.

डॉक्टर म्हणाले, "नाव तुमचं आहे. चूक झाली असं लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

वडील गेल्यापासून कल्याणचं घर माझ्याच नोकरीवर चाललं होतं. मी लिहून दिलं, माझ्या हातून झालं म्हणून.

"तारीख घाल खाली," सर म्हणाले. मी घातली.

ताईंचा राग अजून येतो. त्यांच्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

घरी आईला एवढंच सांगितलं, की नोकरी राहिली. तिने देवापुढे साखर ठेवली, मग माझ्या हातावर दिली. "खोटेपणा नाही ना तुझ्यात, म्हणून टिकलीस बघ," म्हणाली.

मी साखर तोंडात टाकली.