अंतराळातली उत्तर दिशा

अंतराळयानांच्या सिनेमांची मला आता कीव येते, हे थोडं बिचकतच लिहितो. दोन यानं अथांग पोकळीत भेटतात आणि दोन्हींची छतं एकाच बाजूला! जणू आमच्या सुरतच्या उधना रोडवर समोरासमोर आलेल्या सिटी बस. कप्तान ओरडतो, "डावीकडे!" कोणाच्या डावीकडे, ते कोणी विचारत नाही.

मी विचारलं. कॉलेजात यानाचं हिंदी नाटक बसत होतं आणि संवाद माझ्याकडे होते. प्रयोगाच्या दिवशी लेखक म्हणून स्टेजवरून माझं नाव घेणार होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माय ते नाव ऐकायला येणार होती.

आमच्याकडे दिशा हा चेष्टेचा विषय नाही. गोडादऱ्याच्या वस्तीत खोली बदलली की वडील सामान उतरवण्याआधी सूर्य कुठून उगवतो ते बघतात, मग अंथरुणं ठरतात. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही. म्हणून तालमीत यानातल्या खाटा मांडताना मी बोलून गेलो, "इथे उशी कुठल्या बाजूला ठेवायची? उत्तर दिशा तर पृथ्वीवरच राहिली."

सगळे खो खो हसले. "अल्या, आता यानाचं वास्तू पण बघायचं?" शेवटच्या वर्षातला आमचा गुजराती दिग्दर्शक म्हणाला. आणि त्याच तोंडाने त्याने कप्तानाला शिकवलं, "जोरात बोल, जहाज उत्तर की तरफ मोड़ो!"

मी वेगळं लिहिलं होतं. यानाचं नाक म्हणजे शून्य. तिथून उजवीकडे इतके अंश, मग छताकडे किंवा तळाकडे इतके. दोन आकड्यांत कुठलीही दिशा सांगता येते.

"पब्लिकला गणित नको," तो म्हणाला. "मी सांगतो तसं लिही, नाहीतर तुझं नाव काढतो."

"काढा, भाई." पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नाही. दोनदा म्हणावं लागलं.

मायला सांगायचं धाडस झालं नाही. ती नवी साडी नेसून आलीच. कप्तानाने उत्तर दिशा दाखवली ती पडद्याच्या दोरीकडे. पुढच्या प्रवेशात तीच उत्तर प्रेक्षकांत आली. टाळ्या पडल्या. असल्या टाळ्यांना काय किंमत द्यायची?

"तुन्हं नाव आते लेतीन का?" मायने कानाशी विचारलं.

"नाही घेणार. त्यांना हवी तशी वाक्यं मी लिहिली नाहीत."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग टाळ्यांसाठी उचललेले हात पदरात घेऊन ती नाटक संपेपर्यंत तशीच बसली.