नऊ टक्क्यांनी हळू

मा ग्वांग-सिकला कुणी डीजे म्हटलं की तो मनातून सुखावायचा आणि वरवर नाक मुरडायचा. हल्ली कुणीही डीजे होतं, असं त्याचं म्हणणं. कानाला डबडी लावायची, दोन्ही हात वर करून उड्या मारायच्या, झाला डीजे. तो स्वतः बाविसाव्या वर्षी इंचनमधल्या एका चहाघराच्या काचेच्या खोलीत बसला होता. कॉलेजच्या पोरी गाण्यांच्या फर्माइशीच्या चिठ्ठ्या सरकवायच्या आणि हा घोगरा आवाज काढून त्या वाचून दाखवायचा. मग चहाघरं मेली. नाइट क्लब आले, तेही गेले. बायको मुलीकडे चांगवॉनला महिनाभर म्हणून गेली ती तिकडचीच झाली. अडुसष्टाव्या वर्षी या माणसाकडे आपली म्हणावी अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे जुआन स्टेशनामागच्या जांगमी कोलाटेकमधला गाणी लावायचा कट्टा.

कोलाटेक म्हणजे म्हाताऱ्यांचा नाचाचा हॉल. दुपारी बाराला उघडतो, सहाला बंद. एका नूडल्सच्या वाटीपेक्षा कमी पैशात आत जाता येतं, कोपऱ्यात ताकासारखी पांढरी दारू आणि कांद्याची धिरडी मिळतात, आणि उरलेला सगळा वेळ जोडीने नाचायचं. आधी जिरुबाक, म्हणजे झपझप सहा पावलांचा नाच, मग ट्रॉट, म्हणजे जुन्या ठेकेदार गाण्यांवरचा नाच, मग ब्लूज, त्यात नुसतं एकमेकांना धरून डोलायचं. तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या मुलांना आपले आईबाप दुपारी कुठे असतात हे ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसलेलंच बरं होतं.

या लोकांना सहा तास उभं ठेवणं हे काम येरागबाळ्याचं नाही. ग्वांग-सिक कधी तोंडांकडे बघायचा नाही. तोंडं खोटं बोलतात. तो पायांकडे बघायचा. गाणं संपून शांतता झाली की म्हातारा माणूस खुर्ची शोधतो, आणि एकदा बसला की त्याच्या गुडघ्यांची समजूत काढायला देव यावा लागतो. म्हणून ग्वांग-सिक शांतता होऊच द्यायचा नाही. जोडीचे हात सुटायच्या आत पुढचं गाणं सुरू. मग हात सोडायचा तरी कसा? साडेतीनच्या सुमाराला बायका घराच्या किल्ल्या चाचपायला लागल्या की तो ब्लूज लावायचा, कारण ब्लूज सोडून घरी जाणारा पुरुष अजून जन्मायचाय, आणि पुरुष थांबले की बायकाही थांबायच्या. सगळ्यांचं लाडकं गाणं तो चारपर्यंत दाबून ठेवायचा. लोक मागायचे, चिडायचे, कट्ट्यावर येऊन हात आपटायचे. हा म्हणायचा, लावतो की, आणि लावायचा नाही. चार वाजता ते लागलं की सत्तरीचे लोक खुर्च्या ढकलून उठायचे.

पण त्याची खरी हातचलाखी निराळीच होती, आणि ती त्याने कुणालाही सांगितली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तिसऱ्या जिरुबाकला लोक नाचाचं मैदान सोडायचे ते दमून नव्हे, लाजून. पाय ठेक्याच्या मागे पडायचे, जोडीदाराच्या बुटावर पाय यायचा, मग हसत हसत माफी, आणि खुर्ची. पुढच्या सोल्लालला, नव्या वर्षाच्या सणाला, त्याने एकट्याने तांदळाच्या वड्यांचं सूप उकळून खाल्लं. ते खाल्लं की सगळ्या देशाचं वय एकाच दिवशी एकाने वाढतं. वाटी धुताना त्याच्या मनात आलं, की वय सगळ्यांचं वाढलं, मग गाण्यांनी तरी का अडून बसावं? सणाची सुट्टी संपून हॉल उघडला तेव्हा त्याने कॉम्प्युटरवरची वेगाची पट्टी एका टक्क्याने खाली घेतली. स्वर तोच, गाणारीचा आवाज तोच, फक्त ठेका केसभर मागे. कुणालाच कळलं नाही. तिसऱ्या जिरुबाकला मैदान भरलेलं राहिलं.

तेव्हापासून दर सोल्लालला एक टक्का. लोक म्हणायचे, काय मास्तर, आमचे पाय बघा, दहा वर्षांपूर्वी होते तस्सेच आहेत. मास्तर मान डोलवायचा. त्याला स्वतःचा इतका अभिमान वाटायचा की कधीकधी डोळे भरून यायचे, आणि हे सांगायला कुणी नाही याचं वाईटही वाटायचं.

या सगळ्या पायांत त्याचे आवडते पाय होते टाक ओक-बुनचे. वय चौऱ्याहत्तर. बाजारात तिचं तोंडीलावण्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं उभ्याने मुळे चिरून, कोबीला तिखट चोळून ते सुनेच्या हवाली केलं आणि दुसऱ्याच दिवसापासून ती नाचायला लागली. जीभ सुरीसारखी. सात मैत्रिणींचा गोतावळा घेऊन यायची आणि ती उभी राहिली की त्या सातजणी उभ्या राहायच्या. दर सोल्लालनंतर ग्वांग-सिक आधी तिच्या पावलांकडे बघायचा. ती ठेक्यावर असली की सगळं ठीक.

त्या वर्षी, नववा टक्का उतरवल्यावर, ओक-बुन अचानक यायची बंद झाली. तीन आठवडे पत्ता नाही. मैत्रिणी म्हणाल्या, तिचे पाय गेले.

चौथ्या आठवड्यात ती आली. नाचायचे बूट घातलेले नव्हते. ती सरळ कट्ट्यापाशी आली आणि तिने पिशवीतून मोबाइल काढला. एक गाणं अर्ध्यावर आलं होतं. तिने त्याला ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. त्याला वाटलं, लाडकं गाणं आहे, आजारातून उठलीय, लावू या. त्याने लावलं, आणि तिने तेच गाणं मोबाइलवर सुरू करून तो कट्ट्यावर ठेवला. दोन कडव्यांत मोबाइल पुढे निघून गेला. मोबाइलचं गाणं संपलं तेव्हा हॉलमधली गाणारी अजून शेवटचं कडवं आळवत होती. एकवीस सेकंद. ओक-बुन हाताची घडी घालून तेवढा वेळ उभी राहिली.

तिने सांगितलं ते असं. नातीने मोबाइलवर गाणी भरून दिली होती. स्वयंपाकघरात एकटीच नाचून बघावं म्हणून तिने एक लावलं, तर पाय पोचेनात. दुसरं लावलं, तेही तेच. काल हॉलमध्ये जमत होतं ते आज घरी जमत नाही, म्हणजे एका रात्रीत काहीतरी झालं. ती दवाखान्यात गेली, गुडघ्यांचे फोटो काढले, मग डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, काही नाही, वय आहे.

"तीन आठवडे मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, मास्तर," ती म्हणाली. "सुनेला सांगितलं, माझे नाचायचे बूट देऊन टाक कुणाला. आणि तू इथे बसून आम्हाला पांगळं समजून गाणी भरडत होतास."

"ताई, मी तुमच्यासाठीच केलं."

"कुणी सांगितलं होतं? मी आले होते तुझ्याकडे, मला जमत नाही म्हणून?"

ती एकटी असती तर कदाचित त्याने पाय धरले असते, पण तोवर अख्खा हॉल कट्ट्याभोवती गोळा झाला होता. मालकीण बांगबाई पीठ लागलेल्या हातांनी धिरड्यांच्या चुलीवरून आली. किती वर्षं, असं तिने विचारलं. नऊ, असं याने सांगितलं, कारण खोटं बोलायला त्याला वेळच मिळाला नाही. मग जो गलका झाला तो विचारू नका. सगळ्यांत जास्त ओरडले ते पुरुष, आणि त्यांतही ज्यांचे पाय नऊ टक्के कमी असूनही मागे पडायचे ते. एकजण म्हणाला, मी सैन्यात होतो. दुसरा म्हणाला, माझे पैसे परत द्या, मला खरं गाणं विकलं नाही. बांगबाईने हात वर केले आणि विचारलं, मग काय हवंय? खरा वेग, सगळे म्हणाले.

ग्वांग-सिकने पट्टी शून्यावर नेली.

पहिलं गाणं लोकांनी रागाच्या जोरावर काढलं. दुसऱ्या गाण्याला सैन्यवाल्याच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला तो बसला आणि बसूनच राहिला. एका बाईला मुलाचा फोन आला. मोबाइल वाजलेला कुणी ऐकला नव्हता. दोघांना एकाच वेळी लघवीला लागली. दमलो, असं एकाही माणसाने म्हटलं नाही. ग्वांग-सिक वरून बघत होता आणि त्याची बोटं पट्टीकडे आपोआप जात होती. एक टक्का, नुसता एक टक्का. पण ओक-बुनचा मोबाइल अजून कट्ट्यावर होता.

तिसऱ्या गाण्याला मैदानात ती एकटीच उरली. जोडीदाराने हात जोडून रजा घेतली होती. घरच्या चपलांत, हात हवेत धरून, ती ते गाणं शेवटपर्यंत नाचली. निम्मी पावलं चुकली. संपल्यावर ती खांबाला धरून उभी राहिली, ओठ पांढरे पडलेले. सातही मैत्रिणी खुर्च्यांवरून बघत होत्या, उठली एकही नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण माणसाला आपलं वय मान्य करण्यापेक्षा दुसऱ्याला लबाड ठरवणं फार सोपं जातं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोललं, की हा वेग खरा नाहीच. मास्तरने सूड म्हणून गाणी वाढवली आहेत. झालं. जो नऊ वर्षं कमी करू शकतो त्याला वाढवायला काय लागतं? ग्वांग-सिकने कॉम्प्युटर फिरवून दाखवला, शून्याचा आकडा दाखवला. लोक म्हणाले, आकडे तूच लिहिणार. त्याने ओक-बुनला विनवलं, ताई, तुमचा मोबाइल लावा, मोजा, सांगा यांना. मोबाइल तिच्या पिशवीत होता. ती म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही.

तिला कळत होतं. हे त्याच्या आयुष्यभर लक्षात राहिलं.

आठवड्याभरात मैदान ओस पडलं. बांगबाई वाईट बाई नव्हती; काढून टाकताना तिने त्याला डबाभर धिरडी बांधून दिली. मास्तर, तुमच्या हाताखाली आता कुणी नाचणार नाही, तुम्हीच सांगा मी काय करू, असं ती म्हणाली. त्याने हेडफोन गुंडाळून पिशवीत टाकले. जिना उतरताना त्याला स्वतःचाच इतका संताप आला की डबा त्याने दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दारात ठेवून दिला.

उन्हाळा त्याने खोलीत पंख्यासमोर काढला. शरद ऋतूत त्याच्या कानावर आलं, की बुप्योंगच्या एका मोठ्या कोलाटेकला आणखी एक डीजे हवाय. दाढी करून, जुना करडा कोट घालून तो दुपारी दोनला तिथे गेला. दार ढकललं आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. जिरुबाक चालू होतं, तेही तिसरं, आणि मैदान गच्च.

गर्दीत ओक-बुन होती. केस नुकते काळे केलेले, अंगात लाल ब्लाउज. सातजणी तिच्या आगेमागे. जांगमीतले निम्मे लोक तिथे होते. तो सैन्यवालासुद्धा, नाडी घट्ट बांधून. आणि सगळे ठेक्यावर होते.

ग्वांग-सिकने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मांडीवर बोट आपटायला सुरुवात केली. हे गाणं त्याच्या रक्तातलं. मूळचे मिनिटाला एकशे चाळीस ठोके. त्याच्या हातचे शेवटचे एकशे सत्तावीस. इथे एकशे वीससुद्धा भरले नाहीत.

त्याने वर पाहिलं. कट्ट्यावरचा डीजे पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस होता. त्याची नजर ग्वांग-सिकच्या मांडीवरच्या बोटावर खिळली होती. त्याने नकळत पट्टीवर पंजा ठेवला, मग हलकेच मान हलवून विनवणी केली, नको. ग्वांग-सिकने बोट थांबवलं.

गाणं संपता संपता ओक-बुनने त्याला पाहिलं. जोडीदाराला थांबवून, हाताने घाम निपटत ती तरातरा आली. मैत्रिणीही मागून आल्या. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जिंकलेल्या माणसाचा दिलदारपणा होता, आणि तो त्याला रागापेक्षा जास्त झोंबला.

"बघितलंस ना, मास्तर? इथे पूर्ण वेगात नाचतो आम्ही. इथे कुणी आम्हाला म्हातारं समजत नाही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "तुला तर कळतं सगळं. ऐकलंस ना आत्ता? खरा वेग आहे ना हा?"

ती डोळे न मिटता त्याच्याकडे बघत होती. सातजणीही बघत होत्या. एक शब्द, आणि हे मैदान आज संध्याकाळपर्यंत रिकामं झालं असतं. तो शब्द त्याच्या जिभेवर होता, आणि तो उच्चारायची इच्छा त्याला आयुष्यात कशाची झाली नव्हती एवढी झाली.

"खरा आहे," तो म्हणाला.

तिचे खांदे सैल झाले. ती मैत्रिणींकडे वळून हसली आणि पुन्हा त्याच्याकडे वळली.

"मग तुला का नाही जमलं रे, आम्हाला असं नाचवायला?"

"माझं वय झालं, ताई," ग्वांग-सिक म्हणाला.

ते तिला पटलं. तिने त्याच्या दंडावर दोनदा थोपटलं, तब्येतीला जप म्हणाली, आणि नाचायला निघून गेली.